मित्रसंधी आणि युद्धाची वाट : वारणेपासून आष्टीपर्यंत

युरोपीय राष्ट्रे १९१४ साली महायुद्धात कशी ओढली गेली, ह्याचे विवेचन करताना मित्रसंधींना साखळीची उपमा देण्याचा प्रघात आहे. एक कडी ओढली गेली की पुढची ओढली जाते, आणि अखेर ज्या राष्ट्राचा मूळ भांडणाशी काडीमात्र संबंध नव्हता तेही रणांगणावर उभे राहते. ही उपमा सोयीची असली तरी तिने एक महत्त्वाचा प्रश्न झाकला जातो. संधी ही शांततेच्या रक्षणासाठीच केली जाते. मग तीच युद्धाचे कारण कशी बनते? 'मित्राचा शत्रू तो आपला शत्रू' ह्या कलमात युद्धाचे बीज असते, की त्या कलमाच्या आगेमागे जी इतर कलमे असतात त्यांत?

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी युरोपपर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात, म्हणजे आजच्या सातारा व सांगली जिल्ह्यांच्या परिसरात, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत तहांची जी मालिका घडली, तिच्यात ह्या प्रश्नाच्या जवळजवळ सर्व बाजू पाहावयास मिळतात. सातारा ही छत्रपतींची राजधानी. सांगली हे १८०१ च्या सुमारास पटवर्धनांच्या एका शाखेने निर्माण केलेले संस्थान. एकाच्या ठायी सार्वभौमत्वाचे नाव होते, दुसऱ्याच्या ठायी सरंजामी फौज होती. आणि दोघांनाही पुण्याच्या दरबाराने केलेल्या संधींची फळे भोगावी लागली.

१. वारणेचा तह

शाहू महाराज व कोल्हापूरचे संभाजी महाराज ह्या चुलतबंधूंमधील दीर्घकालीन कलह १७३१ साली मिटला. फेब्रुवारीत कऱ्हाडजवळ जखिणवाडी येथे उभयतांची भेट झाली आणि एप्रिलमध्ये तहाची कलमे निश्चित झाली. वारणा नदी ही दोन्ही राज्यांची सरहद्द ठरली. ह्या तहात मित्रसंधीचे नेहमीचे सूत्र स्पष्टपणे आलेले आहे : एकाशी जो वैर करील त्याचे पारिपत्य दुसऱ्याने करावे, आणि उभयतांनी एकविचाराने राज्याची वृद्धी करावी. एकाच्या चाकरांना दुसऱ्याने आश्रय देऊ नये, असेही बंधन त्यात आहे.

शत्रूंविषयीचे हे कलम असूनही वारणेच्या तहातून मोठे युद्ध उद्भवले नाही. शाहू महाराजांच्या हयातीत, म्हणजे १७४९ पर्यंत, दोन्ही घराण्यांत पुन्हा मोठा संग्राम झाला नाही. ह्याचे कारण तहाच्या घडणीत आहे. सरहद्द ठरली, परस्परांच्या चाकरांचा प्रश्न मिटला. परंतु दोघांपैकी कोणाचाही तिसऱ्याशी बोलण्याचा मार्ग सर्वस्वी दुसऱ्याच्या स्वाधीन झाला नाही. भांडण उद्भवल्यास ते मिटविण्याची साधने, म्हणजे वकील, पत्रव्यवहार आणि घरच्या वडीलधाऱ्यांची मध्यस्थी, शाबूत राहिली.

२. वसईचा तह आणि १८०३ चा उन्हाळा

दिनांक २५ ऑक्टोबर १८०२ रोजी पुण्याजवळ हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशवे व शिंदे ह्यांच्या एकत्रित फौजेचा पराभव केला. दुसरे बाजीराव पुणे सोडून कोकणात उतरले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसई येथे त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला. ह्या तहाच्या आरंभीच 'एकाचे मित्र व शत्रू ते दोघांचेही मित्र व शत्रू' हे तत्त्व सांगितलेले आहे. वारणेच्या तहाशी त्याचे साम्य उघड आहे; परंतु पुढील कलमे अगदी वेगळ्या जातीची आहेत. सहा हजारांहून कमी नसलेले कंपनीचे पायदळ, तोफखान्यासह, पेशव्यांच्या मुलुखात कायम राहावयाचे होते. त्याच्या खर्चासाठी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावयाचा होता. निजाम व गायकवाड ह्यांच्याशी असलेल्या पेशव्यांच्या देण्याघेण्याचा निवाडा कंपनीच्या लवादाने व्हावयाचा होता. इतर कोणत्याही सत्तेशी कंपनीस विचारल्यावाचून बोलणे लावावयाचे नव्हते.

ह्या व्यवस्थेस मराठीत जे नाव रूढ झाले ते अर्थपूर्ण आहे. 'तैनात' म्हणजे नेमणुकीवर हजर असलेला; 'तैनाती फौज' ह्या शब्दात ती फौज धन्याच्या चाकरीत आहे, असा ध्वनी येतो. कंपनीच्या कागदांत 'सब्सिडियरी' हे विशेषण येते. त्याचे लक्ष फौजेच्या खर्चासाठी मिळणाऱ्या रकमेकडे आहे. एका भाषेतील शब्द फौज कोणासाठी आहे हे सुचवितो, दुसऱ्या भाषेतील शब्द तिचा पैसा कोठून येतो हे सांगतो. आणि ती कोणाच्या हुकमाने हलेल, हे दोन्ही शब्दांत नाही. तेच ह्या व्यवस्थेचे खरे मर्म होते. तोच भेद 'वकील' व 'रेसिडेंट' ह्या शब्दांत दिसतो. वकील हा आपल्या धन्याचे म्हणणे मांडण्यासाठी येतो. रेसिडेंट हा नावाप्रमाणेच राहावयास आलेला असतो.

१८०३ च्या मार्चमध्ये आर्थर वेलस्ली हरिहरहून पुण्याकडे निघाला. वाटेत पटवर्धन व इतर दक्षिणी सरदार आपापल्या पथकांनिशी त्यास मिळाले. आपल्या धन्याला गादीवर बसविण्यासाठी ते जात होते, हे त्यांच्या बाजूने खरेच होते. १३ मे रोजी बाजीराव पुण्यात परत आले. परंतु ज्या तहाने ते आले तो तह शिंदे व नागपूरकर भोसले ह्यांना मान्य नव्हता. १७८२ च्या सालबाईच्या तहास महादजी शिंदे हमीदार होते. त्यांच्या वारसास न विचारता पेशव्यांनी सर्व मराठी राज्याला बांधणारा करार करावा, ही गोष्ट दौलतराव शिंद्यांना सहन होणे शक्य नव्हते.

मे ते ऑगस्ट १८०३ ह्या काळातील वाटाघाटी बारकाईने पाहण्यासारख्या आहेत. कंपनीचा रेसिडेंट कॉलिन्स शिंद्यांच्या छावणीत होता. युद्ध की शांतता, असा सरळ प्रश्न त्याने केला; भोसल्यांची भेट झाल्यावर उत्तर देऊ, असे शिंद्यांनी कळविले. कंपनीने ह्या उत्तरास धमकी मानले. भेट झाली, दोन्ही फौजा निजामाच्या सरहद्दीजवळ राहिल्या. वेलस्लीची मागणी अशी होती की त्यांनी प्रथम आपापल्या मुलुखात परत जावे. शिंदे-भोसल्यांनी उलट असे सुचविले की दोन्ही पक्षांनी एकाच वेळी माघार घ्यावी. त्यांनी बऱ्हाणपुराकडे जावे व कंपनीच्या फौजांनी आपल्या नेहमीच्या ठाण्यांवर परतावे. वेलस्लीने हे नाकारले. त्याच्या दृष्टीने कंपनीची फौज पेशव्यांच्या व निजामाच्या संरक्षणासाठी, म्हणजे तहान्वये उभी होती. ती हलविणे म्हणजे तह मोडणे होय. शिंदे-भोसल्यांच्या दृष्टीने ते स्वतःच्या राज्याच्या मुख्य पुरुषाकडे जाण्याच्या वाटेवर उभे होते, आणि परक्याने त्यांना परत जा म्हणावे ह्यास आधार नव्हता. अशा रीतीने वाद तहाच्या न्याय्यतेवरून सरकत सरकत प्रथम कोणी हलावे ह्या एकाच मुद्द्यावर येऊन ठेपला, आणि त्या मुद्द्यावर कोणाचीही माघार म्हणजे मूळ वादातील हार ठरली. ३ ऑगस्ट रोजी कॉलिन्सने शिंद्यांची छावणी सोडली. काही दिवसांतच वेलस्ली अहमदनगरच्या किल्ल्यावर चालून गेला. २३ सप्टेंबरला असई, २९ नोव्हेंबरला अडगाव, आणि डिसेंबरात देवगाव व सुर्जी-अंजनगाव येथील तह असा त्या युद्धाचा क्रम आहे.

होळकर ह्या युद्धातून दूर राहिले. त्यांचे युद्ध पुढच्या वर्षी स्वतंत्रपणे झाले. ज्यांच्याविरुद्ध वसईचा तह मुळात केला गेला, त्यांच्याशी प्रथम युद्ध न होता ज्यांनी पेशव्यांच्या बाजूने हडपसरला रक्त सांडले त्या शिंद्यांशी ते व्हावे, हा विपर्यास संधीच्या स्वरूपाविषयी पुष्कळ सांगून जातो. संधी करणाऱ्याच्या मनात एक शत्रू असतो. संधीची शब्दरचना भलताच शत्रू निर्माण करते.

३. पंढरपूरचा करार : हमीचे राजकारण

वसईच्या तहाने बाजीरावांना बाहेरच्या शत्रूंपासून अभय मिळाले. त्या अभयाचा उपयोग त्यांनी घरच्या सरदारांना नमविण्यासाठी करावा, हे स्वाभाविक होते. दक्षिणेतील पटवर्धनांच्या सरंजामांवर त्यांचा डोळा होता. पटवर्धन घराण्यातही फूट पडलेली होती. पटवर्धनांपैकी सर्वांत नामांकित सेनापती परशुरामभाऊ १७९९ साली कोल्हापूरकरांशी झालेल्या पट्टणकुडीच्या लढाईत पडले. आणि त्याच सुमारास चिंतामणराव अप्पासाहेब आपल्या चुलत्यांपासून विभक्त झाले. चुलत्यांकडे मिरज राहिली व चिंतामणरावांनी सांगलीस गणेशदुर्ग बांधून आपली गादी स्थापिली.

पेशवे व सरदार ह्यांच्या तंट्यात रेसिडेंट एल्फिन्स्टन ह्याने १८१२ साली हात घातला. पंढरपूर येथे जो करार झाला त्याचा आशय असा : सरदारांनी सनदेवाचून बळकावलेला मुलूख परत करावा व रिवाजाप्रमाणे पेशव्यांची चाकरी करावी; पेशव्यांनी त्यांच्या सरंजामास हात लावू नये; आणि ह्या दोन्ही गोष्टींस कंपनीची हमी राहावी.

वरवर पाहता हा करार शांततेचा होता, आणि त्याने त्या वेळचे युद्ध टळले ह्यात संशय नाही. परंतु 'हमी' ह्या एका शब्दाने धनी व चाकर ह्यांच्यामध्ये तिसरा पक्ष कायमचा येऊन बसला. सांगलीकर चिंतामणरावांनी फौज पाठवावयाची ती पेशव्यांकडे. परंतु त्यांच्या सरंजामाचे रक्षण करणार कंपनी. पेशवे व कंपनी ह्यांचे सख्य आहे तोवर ह्या दुहेरी बंधनात विरोध नव्हता. ते सख्य मोडताच ज्याची चाकरी करावयाची तो एका बाजूस आणि ज्याची हमी तो दुसऱ्या बाजूस, असा प्रसंग प्रत्येक सरदारावर येणार होता. १८१२ साली टळलेल्या कलहाने १८१७ च्या कलहाचा निकाल अर्धाअधिक ठरवून ठेवला.

४. पंढरपूर ते माहुली : १८१५-१७

पुढील संकटाची सुरुवातही हमीतूनच झाली. गायकवाडांकडील बाकीचा हिशेब ठरविण्यासाठी गंगाधरशास्त्री पटवर्धन बडोद्याहून कंपनीच्या हमीने पुण्यास आले होते. (आडनाव एक असले तरी सांगलीकरांच्या घराण्याशी त्यांचा संबंध जोडू नये.) २० जुलै १८१५ रोजी पंढरपुरात त्यांचा खून झाला. एरवी हा दोन मराठी दरबारांमधील अत्यंत गंभीर परंतु घरगुती प्रश्न राहिला असता. हमीमुळे तो कंपनीच्या प्रतिष्ठेचा प्रश्न झाला. त्रिंबकजी डेंगळे ह्यास स्वाधीन करण्याची मागणी झाली व सप्टेंबरमध्ये बाजीरावांनी ती मान्य केली. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी ठाण्याच्या कैदेतून निसटला आणि शंभुमहादेवाच्या डोंगरांच्या आसऱ्याने माणसे जमवू लागला. मे १८१७ मध्ये एल्फिन्स्टनने निर्वाणीची मागणी केली : महिन्याच्या आत त्रिंबकजीस हजर करावे, आणि तारण म्हणून सिंहगड, पुरंदर व रायगड हे किल्ले तत्काळ हवाली करावेत. पुण्याभोवती फौजेचा वेढा पडला. १३ जून १८१७ च्या पुण्याच्या तहाने पेशव्यांनी मराठी मंडळाचे प्रमुखत्व सोडले, परदरबारी वकील ठेवण्याचा हक्क सोडला आणि ३४ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख दिला.

येथे संकटांची मांडणी लक्षात घेण्यासारखी आहे. प्रत्येक संकट तहानेच मिटविले गेले, आणि प्रत्येक तहाने पुढच्या संकटात देऊ करण्यासारखी एकेक गोष्ट कमी केली. १८१५ साली मंत्री दिला. मे १८१७ मध्ये किल्ले दिले. जूनमध्ये वकील व प्रमुखत्व दिले. ज्याच्यापाशी देण्यासारखे काही उरत नाही त्याच्याशी वाटाघाट होऊ शकत नाही, आणि ज्याला वकील ठेवता येत नाही त्याला उघडपणे बोलताही येत नाही. त्याची सारी मुत्सद्देगिरी मग गुप्तपणे चालते, आणि गुप्तपणे चालणारी प्रत्येक हालचाल विश्वासघात म्हणून वाचली जाते.

ह्याचा प्रत्यय साताऱ्याजवळच आला. ऑगस्ट १८१७ मध्ये कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुली येथे बाजीरावांचा मुक्काम होता. जॉन माल्कम तेथे त्यांच्या भेटीस गेला. बाजीरावांनी आपल्या दुःखाचे व कंपनीविषयीच्या निष्ठेचे वर्णन केले. माल्कमचा विश्वास बसला; पेंढाऱ्यांविरुद्धच्या मोहिमेत दोस्ताने मदत करावी, त्यासाठी फौज उभारावी, असे त्याने सुचविले. पुढे ताब्यात घेतलेले किल्लेही परत करण्यात आले. एल्फिन्स्टनचे मत वेगळे होते. सैन्यभरती सुरू झाली; बापू गोखले ह्यांच्याकडे तिची सूत्रे होती. आता ह्या भरतीचा अर्थ काय? तहाच्या भाषेत ती दोस्ताची मदत होती. तीच घोडी, तीच माणसे, तोच दारूगोळा; दोस्तासाठी आणि दोस्ताविरुद्ध ह्यांत बाहेरून ओळखता येईल असे कोणतेही चिन्ह नव्हते. दोन्ही पक्ष संधीचीच परिभाषा बोलत होते, आणि त्या परिभाषेत संशय व्यक्त करण्याची सोयच नव्हती. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीवर जी लढाई झाली ती कागदोपत्री मित्र असलेल्यांची होती.

५. साताऱ्याचा जाहीरनामा आणि सांगलीची निवड

पेशवे दक्षिणेकडे हटले तेव्हा प्रतापसिंह महाराज त्यांच्या लष्कराबरोबर होते. फेब्रुवारी १८१८ मध्ये सातारचा किल्ला कंपनीच्या हाती आला आणि तेथूनच एल्फिन्स्टनने आपला प्रसिद्ध जाहीरनामा काढला. बाजीरावांची सत्ता संपली. छत्रपतींसाठी राज्याचा एक भाग राखून ठेवला जाईल. बाजीरावांच्या चाकरीतील लोकांनी दोन महिन्यांच्या आत आपापल्या घरी परतावे, असे त्यात होते. कंपनीने ज्या पेशव्याशी दोस्ती केली होती, त्याच्याविरुद्ध आता त्याच्या धन्याचे नाव पुढे केले. २० फेब्रुवारीस आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले व महाराज कंपनीच्या छावणीत आले.

जाहीरनाम्यानंतर पटवर्धन सरदार पेशव्यांपासून दूर झाले. त्यास केवळ स्वार्थ म्हणून चालणार नाही. १८१२ च्या करारानेच त्यांच्या निष्ठेचे दोन भाग केलेले होते. १८१८ साली त्यांपैकी एक भाग नाहीसा झाला एवढेच. तथापि सांगलीकरांचे वर्तन इतरांहून वेगळे पडते. नव्या सत्तेची फौजी चाकरी करण्यास चिंतामणरावांनी अनमान केला, आणि चाकरीच्या ऐवजी जुन्या हुबळीसह आपला काही मुलूख तोडून दिला. मुलूख गेला, परंतु दुसऱ्याच्या युद्धात आपली पथके पाठविण्याचे बंधन टळले. संधीतील सर्वांत महाग कलम कोणते, हे त्यांनी ओळखले होते असे दिसते.

साताऱ्यास अशी निवड नव्हती. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने प्रतापसिंह महाराजांना वारणा व नीरा ह्या नद्यांमधील राज्य मिळाले. परंतु कंपनीवाचून अन्य सत्तांशी वा सरदारांशी कसलाही व्यवहार ठेवू नये, हे बंधन आले. वीस वर्षांनी ह्याच कलमाचा आधार घेऊन, गोव्याच्या पोर्तुगीजांशी व नागपूरच्या अप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधल्याच्या आरोपावरून, १८३९ साली महाराजांना पदच्युत करण्यात आले. रंगो बापूजी त्यांची बाजू मांडण्यासाठी लंडनमध्ये वर्षानुवर्षे झगडले. १८४८ साली राज्यही खालसा झाले. वारणेच्या काठी १७३१ साली जे सूत्र दोन समान घराण्यांत बंधुत्वाचे होते, त्याची अखेर पत्र लिहिणे हाच गुन्हा ठरण्यात झाली.

६. १९१४ चा जुलै महिना

आता युरोपाकडे वळल्यास काही गोष्टी अधिक स्पष्ट दिसतात. जर्मनी व ऑस्ट्रिया-हंगेरी ह्यांची संधी १८७९ ची. १८८२ साली इटली त्यात आली. फ्रान्स व रशिया ह्यांची संधी १८९४ साली पक्की झाली. इंग्लंडचे फ्रान्सशी १९०४ साली व रशियाशी १९०७ साली सामोपचार झाले. त्यानंतर मोरोक्कोवरून १९०५ व १९११ साली, बोस्नियावरून १९०८-०९ साली आणि बाल्कन युद्धांवरून १९१२-१३ साली पेचप्रसंग आले व गेले. बोस्नियाच्या प्रसंगी रशियास माघार घ्यावी लागली होती. १९१४ साली पुन्हा माघार घेणे त्यास अशक्य वाटले, ह्याचे कारण त्या पूर्वीच्या तडजोडीतच होते. ऑस्ट्रियाने २३ जुलैस सर्बियास दिलेला खलिता अठ्ठेचाळीस तासांच्या मुदतीचा होता. ३० जुलैस रशियाने सार्वत्रिक जमवाजमवीचा हुकूम दिला, आणि त्यानंतर वाद सर्बियाविषयी न राहता कोणाच्या फौजा प्रथम थांबतील ह्याविषयी राहिला. १८०३ च्या उन्हाळ्यातील वेलस्ली व शिंदे ह्यांच्या खलित्यांशी ह्याचे साम्य लक्षणीय आहे.

भेदही तितकाच लक्षणीय आहे. युरोपातील सत्ता सामान्यतः तुल्यबळ होत्या. कोणाच्याही राजधानीत मित्राची फौज कायमची बसलेली नव्हती. म्हणूनच इटलीला, ही संधी केवळ संरक्षणापुरती आहे, असे सांगून १९१४ साली तटस्थ राहता आले. संधी माणसास आपोआप युद्धात ढकलत नाही, ह्याचा हा पुरावा आहे. बाजीरावांना असा अर्थ लावण्याचे स्वातंत्र्य नव्हते. कारण तहाचा अर्थ लावण्याचा अधिकारही तहानेच दुसऱ्याकडे गेलेला होता.

आणि ज्यांना कोणत्याच तहाचा अर्थ लावण्याचा अधिकार नव्हता, त्यांचीही नोंद केली पाहिजे. २ ऑगस्ट १९१४ रोजी जर्मनी व तुर्कस्तान ह्यांच्यात गुप्त करार झाला. शरदाच्या अखेरीस तुर्कस्तान युद्धात उतरले. नोव्हेंबरात हिंदी सैन्य इराकात उतरले. १०३, ११० व ११७ ह्या क्रमांकांच्या मराठा पलटणी डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत कुत-अल-अमारा येथील वेढ्यात होत्या. साताऱ्याजवळील अपशिंगे गावात त्या महायुद्धात कामी आलेल्या गावकऱ्यांचे स्मारक आहे. इस्तंबूलमधील कराराची वार्ताही त्या गावी कधी पोचली नसेल.

७. समारोप

ह्या विवेचनावरून असे म्हणता येईल की शत्रुमित्रांविषयीचे समान कलम हे युद्धाचे पुरेसे कारण नव्हे. वारणेच्या तहात ते होते आणि शांतता टिकली. युद्धाची वाट तयार होते ती तीन गोष्टींनी : तिसऱ्याशी स्वतंत्रपणे बोलण्याचा हक्क गेल्याने, दोघांच्या तंट्यात हमीच्या रूपाने तिसरा कायमचा शिरल्याने, आणि प्रत्येक पेचप्रसंग पुढच्या वेळची माघारीची जागा खर्ची घालून मिटविल्याने. तहांचा अभ्यास करताना आरंभीच्या सख्याच्या कलमावर थांबू नये. वकील, लवाद व हमी ह्यांविषयीची कलमे प्रथम वाचावीत. १८१७ सालच्या नोव्हेंबरचे कारण १८०२ व १८१२ सालच्या कागदांत ह्याच कलमांखाली लिहून ठेवलेले आहे.